चांद्यातल्या घराची चूल

बाबांना चांद्याला नोकरी लागली तेव्हा गावातल्या लोकांनी बाबांचं कौतुक केलं आणि मायची कीव केली. मला वाटतं दोन्ही बरोबरच होतं. आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपली की लगेच जंगल. बाबा तीन भावांत धाकटे. जमीन होती ती थोरल्या दोघांना पुरायची, धाकट्यानं काय करायचं हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. बाबा मराठी चौथी शिकलेले, अक्षर चांगलं. चांद्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या डेपोत लाकडं मोजायची आणि त्यांच्या बुडख्यावर हातोड्यानं शिक्का मारायचा, असं काम होतं. दसरा झाला आणि बाबा गेले. आम्ही म्हणजे माय, मी आणि नुकताच चालायला लागलेला माझा भाऊ, मागे राहिलो.

शहरात नोकरी आधी मिळते आणि घर मिळत नाही, हे मी तेव्हाच शिकले. बाबा डेपोतच दोन हमालांसोबत छपरीत राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी खोली शोधायचे. झाडीतले, म्हणजे आमच्यासारखे जंगलाकडचे लोक म्हटलं की चांद्यातल्या घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडत. हे घरात बकऱ्या बांधतील, असं त्यांना वाटे. आमच्याकडे बकऱ्या नव्हत्या. असत्या तर बांधल्या असत्या, हे मात्र खरं. शेवटी धान मळून झाल्यावर निरोप आला की जटपुरा दरवाज्याच्या आत दोन खोल्या मिळाल्या, घरमालकीण एकटीच आहे, जात जवळचीच आहे, या.

निघायच्या आदल्या दिवशी माझी आजी, म्हणजे बाबांची आई, पहाटेच फावडं घेऊन बांधीत गेली. आमच्याकडे नव्या घरात पहिली चूल सून स्वतः मांडत नाही. सासू मांडून देते, सून तिच्या पाया पडते आणि मग विस्तव पेटतो. ज्या घरात असं झालं ते घर, नाही तर ती नुसती राहण्याची जागा. आजी चांद्याला यायला तयार नव्हती. तिनं बांधीतली माती खणली, चाळली, खडे वेचले, अर्धं पोतं भरलं आणि मायसमोर आणून ठेवलं.

"मी नाई येत," ती म्हणाली. "माझे हात आता इथीच राह्यचे. माती ने. तूच मांडजो, माझ्या नावानं मांडजो. मंग त्याले घर म्हनजो."

तर आम्ही शहरात गेलो ते माती घेऊन. बैलबंडीनं वडश्यापर्यंत आणि तिथून छोट्या गाडीनं चांदा फोर्टला. ती गाडी इतकी हळू चालायची की वाटेतल्या स्टेशनांवर उतरून लोक पाणी पिऊन, दोन गोष्टी बोलून पुन्हा तीच गाडी धरत. भाऊ रडून रडून झोपला. माझ्या पायाखाली पोतं होतं, त्यामुळे माझे गुडघे प्रवासभर हनुवटीला लागलेले. नागभीडच्या पुढे तिकीट तपासणारा आला. त्यानं पोत्याला बुटाचं टोक लावून पाहिलं.

"काय आहे यात?"

"माती," माय म्हणाली.

"कसली माती?"

"बांधीची."

"चांद्याला माती नाही का, बाई?"

"असंन नं. पन ते आमची नाई."

त्याला सामानाचे पैसे लावायचे असावेत. त्यानं मायच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तो पुढच्या बाकाकडे गेला. माझी माय भांडखोर नव्हती. पण दमली की तिचा चेहरा असा व्हायचा की समोरच्यालाच वाद घालायचा कंटाळा यावा.

बाबा स्टेशनवर हातगाडी घेऊन उभे होते. तीन-चार महिन्यांतच ते वाळले होते. वाटभर ते घराचं कौतुक सांगत होते: वर छपराचे कवेलू पक्के आहेत, अंगणात विहीर आहे, तिला उन्हाळ्यात पाणी राहतं म्हणतात. घरमालकीण बाई मूल गावाला भावाकडे गेल्या होत्या. जाताना किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन बाबांना एवढंच सांगून गेल्या होत्या की चूल तयार आहे.

"जाताबरोबर भात टाक," बाबा मायला म्हणाले, जणू काही त्यांनी स्वतःच ती चूल आणून ठेवली होती.

घर दिसायला बरं होतं. बाहेरची खोली, आत स्वयंपाकाची खोली, पुढे मोठं अंगण आणि अंगणाच्या पलीकडे बाईंची स्वतःची खोली. स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात ती चूल होती, बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैल असलेली. चांगली मोठी, कुठेही तडा नाही, पांढऱ्या मातीनं सारवलेली. तिच्या काठावरून चार बोटं एकत्र ओढून नागमोडी रेघा काढलेल्या होत्या, ओल्या मातीत काढतात तशा. माय तिच्यासमोर उकिडवी बसली आणि एका रेघेवरून तिनं बोट फिरवलं.

"हात चांगला हाये कोनाचा तरी," ती म्हणाली.

आणि त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही. आम्ही मुरमुरे खाल्ले. बाबांना भाताची आशा होती, त्यांनीही मुरमुरेच चावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं अंघोळ केली, चुलीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, "दुसरीची होय तू, मले माफी दे," असं म्हणाली आणि कुदळीनं ती चूल तोडली. याच्यात तिला काही वावगं वाटलं नाही आणि आम्हालाही नाही. दुसऱ्या बाईच्या चुलीवर आपला संसार शिजवायचा नसतो, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक. कोणी घर सोडून गेलं की त्यांची चूल मोडायची, तिची माती उकिरड्यावर न टाकता वाहत्या पाण्यात सोडायची, आणि मग आपली मांडायची. बाबा डेपोत जायच्या आधी टोपली डोक्यावर घेऊन झरपट नदीला गेले आणि ती माती सोडून आले. मायनं घमेल्यात आजीची माती भिजत घातली, त्यात धानाचा कोंडा मिसळला, वरून ओलं फडकं टाकलं. चुलीची माती दोनतीन दिवस मुरावी लागते.

माती मुरायच्या आत बाई परत आल्या.

त्या पन्नाशीच्या असतील. अंगानं उंच, केस अजून काळे, चालणं भरभर. अंगणात पिशवी ठेवून त्या सरळ आमच्या दारात आल्या, हसतच आल्या. "आले का, लेकरंबाळं आले का," असं म्हणत त्यांनी माझ्या भावाच्या गालाला हात लावला. मग स्वयंपाकाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे चुलीच्या जागी नुसता मातीचा डाग होता, सारवलेला.

"कोनं तोडली?"

"मीच तोडली, बाई," माय म्हणाली. ती अजून हसतच होती, तिला कळलं नव्हतं. "नव्या घरात आपली मांडावं लागते नं. उद्या मांडतो."

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. त्यांनी त्या सारवलेल्या जागेवर हाताचा तळवा ठेवला. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"माती कुठी हाये?"

"झरपटले सोडली."

"समदी?"

"समदी."

त्यांची सून मागच्या उन्हाळ्यात बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं. मुलगा बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीवर राहायला गेला, तो सणालाही येत नव्हता. या दोन खोल्या त्या दोघांच्या. चूल सुनेनं मांडलेली होती. हे सगळं त्यांनी आम्हाला तेव्हाच, तिथे बसूनच सांगितलं, एकेक वाक्य थांबून, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं. त्यांना वाटलं होतं, भाडेकरू येतील, त्याच चुलीवर स्वयंपाक करतील, सकाळ-संध्याकाळ कवेलूंतून धूर निघताना दिसेल.

"फोटो नव्हता तिचा," त्या म्हणाल्या. "बोटं तेवढे होते चुलीवर."

माय त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं बाईंचे पाय धरले. बाईंनी पाय काढून घेतले नाहीत, पण मायकडे पाहिलंही नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता या घरात चूल मांडायची नाई. राह्यचं तं राहा. नाई तं जा."

जायचं कुठे? बाबांनी पुन्हा शहराचा कोपरानकोपरा धुंडाळला आणि पुन्हा कपाळाच्या आठ्या पाहून आले. शेवटी मायनं अंगणात विहिरीच्या बाजूला तीन दगड मांडले आणि त्यावर स्वयंपाक सुरू केला, शेतावर रात्र काढायला गेलेले लोक करतात तसा. पहिले काही दिवस मला मजा वाटली. मग वाटेनाशी झाली. वारा आला की जाळ एकीकडे आणि भांडं एकीकडे. धूर डोळ्यांत, राख भातात. कावळे, कुत्री, एकदा तर शेजाऱ्यांची म्हैस. मायचं अर्धं लक्ष चुलीकडे, अर्धं हाकलण्याकडे आणि उरलेलं भावाकडे, कारण तो विहिरीच्या काठाशीच जायचा. माघ गेला, फाल्गुन गेला. ऊन तापायला लागलं तसे मायचे तीन दगड सावलीमागे फिरू लागले. सकाळी भिंतीच्या कडेला, दुपारी आमच्या दाराच्या पडवीला, संध्याकाळी पुन्हा भिंतीला. चांद्याचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं आहे त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांना सांगून काही उपयोग नाही.

बाई दिवसातून चारदा पाण्याला विहिरीवर यायच्या. तीन दगडांना वळसा घालून जायच्या. मायशी एक शब्द नाही. माझ्याशी मात्र बोलायच्या, भावाला गूळ द्यायच्या, त्यामुळे मला आणखीच कसंसं व्हायचं. मायनं एकदा पहाटे उठून त्यांचा ओटा सारवून ठेवला. बाईंनी दार उघडलं, पाहिलं, बादलीभर पाणी ओतून सगळं धुऊन काढलं आणि स्वतः नव्यानं सारवलं. माय ते आमच्या दारातून पाहत होती. ती आत आली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी आमचं जेवण उशिरा झालं.

बाबा म्हणायचे, "होऊन जाईन."

"तुमचं होऊन जाईन लय दिसाचं चालू हाये," माय म्हणायची.

एकदा बाबा चिडले. चिडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते नीट जमायचंही नाही. "मांडून टाक आत," ते म्हणाले. "भाडं देऊन राह्यलो आपन. काय करंन ते?"

"तोडतानी इचारलं नाई तिले," माय म्हणाली. "मांडतानी तं इचारू द्या."

आणि तिनं विचारलंही होतं, दोनदा. एकदा विहिरीवर, एकदा त्यांच्या दारात उभं राहून. दोन्ही वेळा बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचा चेहरा रागाचा नसायचा. राग असता तर मायनं भांडून तरी घेतलं असतं. तो नुसता मिटलेला चेहरा होता, दुकान बंद असावं तसा, आणि बंद दुकानासमोर माणूस किती वेळ उभा राहणार!

आत कोपऱ्यात घमेलं तसंच होतं. माती वाळून तडकू नये म्हणून माय रोज त्यावर पाणी शिंपडायची आणि फडकं ओलं करायची. मी म्हटलं, "काऊन शिपडतं? चूल तं मांडाचीच नाई." तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं तांब्या भरून आणला. गावाकडचा एक माणूस बाजारहाटीला आला होता, त्याच्याकडून आजीनं विचारून पाठवलं, चूल मांडली का? माय म्हणाली, "सांगा, माती मुरून राह्यली." तो माणूस हसला. कोणती माती दोन महिने मुरते?

मायचं काय बिघडत चाललं होतं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आज येतं. ती गाठोडी सोडत नव्हती. गावाहून आणलेली भांडी, लुगडी, देव्हाऱ्यातले देव, सगळं अजून बांधलेलंच होतं. लागेल ते काढायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचं. पाडव्याला आमच्या दारात गुढी उभी राहिली नाही. चूल नाही तर घर नाही, घर नाही तर सण कशाचा, असा तिचा साधा हिशोब होता. ती स्टेशनवर राहावं तशी राहत होती. रात्री पाय दुखायचे तिचे, मी चेपून द्यायची. एकदा मी चेपत असताना ती म्हणाली, "मी थकलो वं." ती मला काही सांगत नव्हती, तिच्या तोंडून ते नुसतं निघालं. मला फार भीती वाटली, कारण माय थकली असं तिनं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

अक्षय तृतीया जवळ आली तेव्हा तिनं बाबांना सांगून टाकलं. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. नवी घागर पाण्यानं भरायची, घरच्या चुलीवर रांधायचं, पितरांच्या नावानं पान वाढायचं. अंगणातल्या तीन दगडांवर रांधलेलं पितरांना घालायला ती तयार नव्हती.

"मी लेकरं घेऊन गावी जातो," ती म्हणाली. "पितराईचं तिथीच करीन. आन मंग तिथीच राहीन."

बाबा जेवत होते. त्यांचा हात पानावरच थांबला.

"आन मी?"

"तुमी इथी ऱ्हा. नोकरी हाये तुमची."

"सोडू का नोकरी?"

मायनं त्यांच्या पानावर आणखी भात वाढला. गावी गेलो तर बाबांना तिथे काय होतं? थोरल्या भावांच्या बांधीवर राबणं आणि वर त्यांचं ऐकून घेणं. न गेलो तर ते इथे हमालांसोबत पुन्हा छपरीत आणि आम्ही तिकडे, असा संसार. दोन्हीपैकी कोणतं बरं, हे त्या दोघांनाही ठरवता येत नव्हतं, आणि मी तर नऊ-दहा वर्षांची पोर. मला गावी जायचं होतं, आणि बाबांना एकटं टाकून जायचं नव्हतं. बाबांनी तो भात संपवला, कारण अन्न टाकायचं नसतं.

सणाच्या दोन दिवस आधी दुपारच्या गाडीनं निघायचं ठरलं. सकाळी बाबा डेपोत गेले नाहीत. अंगणात हातगाडी आणून तिच्या चाकाशी उगाच काहीतरी करत बसले. मायनं गाठोडी दारात आणून ठेवली. भावाच्या पायात वाळा घालायला बसली होती, तेवढ्यात बाई बाजारातून आल्या. कुंभाराकडून आणलेली नवी घागर त्यांच्या कमरेवर होती. त्या आपल्या खोलीकडे निघालेल्या, गाठोडी पाहून थांबल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या मायशी बोलल्या.

"कुठी चालली?"

"गावी."

"सणाले?"

"पितराईले जेवू घालाले चूल लागते, बाई," माय म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नाही, तिच्यात टोमणा मारायचंही बळ उरलं नव्हतं. जे होतं ते तिनं सांगितलं.

बाईंनी घागरीकडे पाहिलं. ती घागर सुनेच्या नावाची होती. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची त्या सणाला पहिली घागर भरतात. बाईंची स्वतःची चूल मुलाचं लग्न झाल्यावरच मोडली होती, सून रांधायची ना. ती गेल्यापासून त्या कोळशाच्या सिगडीवर काहीतरी उकडून खायच्या. म्हणजे तिच्या पानावर वाढायचं ते रांधायला त्यांच्याकडेही चूल नव्हती. हे त्यांच्या ध्यानात आधी आलं होतं की तिथे उभं असतानाच आलं, देव जाणे. त्यांनी घागर आमच्या पडवीत ठेवली, चपला काढल्या आणि आत गेल्या.

माय मागोमाग गेली, मी मायच्या मागे. बाई घमेल्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी फडकं बाजूला केलं, मातीत बोट खुपसून पाहिलं.

"ओली ठेवली," त्या म्हणाल्या.

"हो."

"पानी दे."

मायनं पाणी दिलं. बाईंनी लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि माती मळायला घेतली. माय पुढे झाली, "बाई, मी मळतो, तुमी सांगा फक्त." बाईंनी तिचा हात कोपरानं बाजूला सारला.

"तू बस. हे सासवाचं काम हाये."

माय बसली. दारात बाबा येऊन उभे राहिले होते, ते उलटे फिरून पुन्हा हातगाडीकडे गेले. बाई मातीचे गोळे एकावर एक रचत होत्या, थापत होत्या, आतून पोकळ करत होत्या. त्यांचे हात भराभर चालत होते पण तोंड खाली होतं, आणि त्या बोलत होत्या ते मातीशी बोलावं तसं.

"माह्या सुनंले मी नाई मांडून देली चूल. पोरानं आपल्या मर्जीनं केली होती ते. मी म्हटलं, त्यानं आनली, मांडू दे तिलेच. दारात उभी होती पोट्टी, माती भिजवून. वाट पाहून राह्यली होती माही. मी गेलोच नाई. मंग तिनंच मांडली. बोटं वढले. माह्याकडे पाहून हासली अन् म्हने, 'बाई, मले येते.'"

त्यांनी वैलाचं तोंड नीट केलं.

"दोन वरीस रांधलं तिनं तिच्यावर. मी जेवलो. पन एकदाही नाई म्हटलं, चूल चांगली झाली."

माय रडत होती. मी तिला इतकं उघड रडताना पाहिलं नव्हतं, गाव सोडतानाही नाही. चूल पुरी झाली तेव्हा तिनं डोक्यावर पदर घेतला आणि बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाईंचे हात मातीनं भरलेले होते, म्हणून त्यांनी मनगट तिच्या पाठीला लावलं. नंतर दोघी उठल्या आणि हात धुवायला विहिरीवर गेल्या. दुपारची गाडी आमच्याशिवाय गेली. बाबांनी हातगाडी परत नेऊन दिली आणि तसेच डेपोत गेले.

वैशाखातलं ऊन, त्यामुळे चूल दोन दिवसांत खडखडीत वाळली. माय पहिल्यांदा बारक्या काटक्यांचाच जाळ करत होती, एकदम तापवली तर तडकते म्हणून. सणाला बाई सकाळपासून आमच्याकडेच होत्या. भात, कढी, वडे, चिंचेच्या पाण्याची आंबटगोड चिंचोणी. खोली धुरानं भरली, माझे डोळे चुरचुरत होते, भाऊ वड्यांसाठी रडत होता, आणि माय त्याच्यावर गावात ओरडायची तशी ओरडत होती. पितरांच्या आधी कोणी खायचं नाही, असा तिचा हुकूम होता. ते ओरडणं ऐकून बाबा बाहेरच्या खोलीत गालातल्या गालात हसत होते, ते मी पाहिलं.

पळसाच्या दोन पत्रावळी मांडल्या. एक आमच्या आजोबांच्या नावाची, ती बाबांनी वाढली. दुसरी सुनेच्या नावाची. बाई मायला म्हणाल्या, "मले दे पळी," आणि त्यांनी एकेक पदार्थ स्वतः वाढला, भात दाबून, वर तूप, वडे मोजून नाही, मूठभर. बाजूला पाण्याची घागर ठेवली. मग त्या पानासमोर मांडी घालून बसल्या, जेवायला बसवलेल्या माणसासमोर बसावं तशा, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जेव वं."

भाऊ वडे विसरून पानाकडे पाहत होता.

"जेव. चूल मी मांडली आज."

माय कढीचं भांडं उतरवायला वाकली होती, ती तशीच राहिली. बाईंनी पत्रावळ थोडी पुढे सरकवली आणि पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्यानं, पलीकडच्या माणसाला ऐकूच गेलं नसावं तसं.

"मी मांडली वं, पोरी. जेव."